ज्याने बनवलं त्याचं

सरांच्या घरात एकाही यंत्राला झाकण नव्हतं. मिक्सर, रेडिओ, पाण्याचा फिल्टर, टीव्हीचा रिमोट, दारावरची बेल, सगळं पोट उघडं टाकून बसलेलं. मुलुंड पूर्वेच्या त्या दोन खोल्यांत मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, काहीतरी दुरुस्ती चालली आहे. मग वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, चहाचा कप हातात देत सांगितलं, "दुरुस्ती नाय गो. हे असंच असतं. मिक्सरात मसाला वाटला की तो उडून तारांवर बसतो, मग दिवसभर घरात वास. मी बोलून बोलून थकले. आता तू बोलून बघ." मी चहा प्यायले. कंपनीत मी सरांच्या शेजारच्या टेबलावर काम करत होते, आणि बोलण्याचा उपयोग किती होतो ते मला आधीच कळलेलं होतं.

"झाकण म्हणजे लपवाछपवी," असं ते म्हणायचे. पूर्वीच्या रेडिओत आतल्या बाजूला सर्किटचा नकाशा चिकटवलेला असायचा, बिघडला तर कोणीही उघडून बघावं म्हणून. गिरणी बंद झाल्यावर त्यांच्या वडिलांनी काही वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलं, ते त्याच नकाशांच्या जिवावर. त्या माणसाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण नकाशा वाचता यायचा. हे सांगताना सरांचा आवाज जरा वर जायचा आणि आजूबाजूचे लोक आपापल्या कामात डोकं घालायचे, कारण पुढचं भाषण सगळ्यांना पाठ होतं.

मी त्यांना सर म्हणायचे. त्यांना ते आवडायचं नाही, पण दुसरं काय म्हणणार? ते मला नावाने कधी हाक मारायचे नाहीत, नुसतं "गो" म्हणायचे. त्यांची मालवणी अशी अधूनमधून डोकं वर काढायची. रागात जास्त, आनंदात थोडी.

आमची कंपनी अंधेरीच्या एमआयडीसीत होती. लिफ्टचे, पंपांचे, असल्या कंट्रोलचे बोर्ड बनवायची. बोर्ड म्हणजे ती हिरवी पाटी, जिच्यावर तांब्याच्या रेषांनी सगळे भाग एकमेकांना जोडलेले असतात. मालकांना सतत भीती, आपला माल कोणीतरी चोरून बनवेल. म्हणून त्यांनी हुकूम काढला की बाहेर जाणाऱ्या प्रत्येक बोर्डावरच्या चिपचा नंबर सॅंडपेपरने घासून पुसायचा. हे काम आमच्या टेबलांवर आलं. सर इतकं छान डिझाइन करायचे, आणि मग खाली मान घालून स्वतःच्याच बोर्डावरचे नंबर खरवडत बसायचे. काळी धूळ त्यांच्या नखांत जायची. एकदा त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "माणसाच्या कपाळावरचं नाव पुसल्यासारखं वाटतं गो." आणि परत घासायला लागले. निवृत्त होईपर्यंत घासत होते. नोकरी होती, करणार काय?

विक्षिप्त होते यात शंकाच नाही. नऊ व्होल्टची बॅटरी चालू आहे की मेली ते मीटर लावून न बघता जिभेला लावून बघायचे, आणि चव सांगायचे. "ही आंबट आहे, अजून महिनाभर जाईल." माझ्या लग्नाच्या रिसेप्शनला हॉलवाल्याने स्टेजच्या मागे नाचते दिवे लावले होते. सगळे रांगेने येऊन पाकिटं देत होते, हे कुठे दिसेनात. जेवणं उरकत आली तेव्हा स्टेजच्या मागून कपडे झटकत बाहेर आले, आम्हा दोघांसमोर उभे राहिले आणि नवऱ्या मुलाला म्हणाले, "मागचा दिव्यांचा डबा बघून या. कोणीतरी फार मन लावून काम केलंय." माझा नवरा अजून ते सांगून हसतो. आशीर्वाद द्यायचे मात्र राहूनच गेले.

निवृत्तीनंतर त्यांनी तो पंपाचा बोर्ड बनवला. आमच्या उपनगरांतल्या सोसायट्यांचं जगणं पालिकेच्या पाण्याच्या वेळेवर चालतं. पाणी पहाटे खालच्या टाकीत येतं, ते पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. वॉचमनला झोप लागली की एक तर वरची टाकी भरून पाणी जिन्यावरून वाहतं, नाहीतर सकाळी नळ कोरडे आणि कमिटीची भांडणं. सरांच्या बोर्डाला पाणी आल्याचं कळायचं, वरची टाकी कधी भरली ते कळायचं, आणि पंप आपोआप चालू-बंद व्हायचा. टाकीत नुसत्या तारा सोडायच्या, त्यांना पाणी लागलं की बोर्डाला समजायचं. बाजारात अशा पेट्या मिळतात, नाही असं नाही. पण त्या बंद पेट्या. बिघडल्या की फेकायच्या.

त्यांना तो सगळ्यांना द्यायचा होता. बोर्ड नव्हे, बोर्डाचं डिझाइन. नकाशा, तांब्याच्या रेषांच्या फाइली, सामानाची यादी, जोडायची रीत, सगळं इंटरनेटवर ठेवायचं. ज्याला हवं त्याने घ्यावं, बनवावं, विकावं, फक्त काही बदल केला तर तोही असाच सगळ्यांसाठी उघडा ठेवावा. ओपन सोर्स हार्डवेअर म्हणतात त्याला. वहिनींना त्यांनी हे समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्या मसाल्याचं प्रमाण अख्ख्या चाळीला वाटायचं? मी नाय वाटणार."

"तू नको वाटू. मी माझं वाटतो," सर म्हणाले.

फाइली चढवायला मी मदत केली. बोर्ड करणाऱ्या हातांना ती वेबसाइटची बटणं जमत नव्हती. सूचना त्यांना मराठीत हव्या होत्या, इंग्रजी खाली. "इलेक्ट्रिशियन काय इंग्रजीत शॉक खातो?" असं म्हणाले होते, ते मला पुढे बरेचदा आठवलं. तेव्हा मी एकच सुचवलं, की डाउनलोड करणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर घेऊ या. असं करता येतं, बरेच जण करतात. त्यावर ते असे भडकले की वहिनी आतून बाहेर आल्या.

"पाणपोईवर नाव विचारतात काय गो? तहान लागली, पाणी प्याला, गेला. कोण, खयंचो, तुका कित्याक होया, असल्या चौकशा कशाला? दिलं म्हणजे दिलं. मागे वळून बघायचं नाही."

मी बटण दाबलं. नाव विचारायचं नाही असं ठरलं.

बोर्डावर स्वतःचं नाव घालायलाही त्यांनी नकार दिला. त्याऐवजी एक वाक्य घातलं. 'हे ज्याने बनवलं त्याचं.' आणि ते पांढऱ्या शाईत छापायचं नाही, शाई घासली की जाते. नंबर घासण्यात उभं आयुष्य गेलेल्या माणसाला हे कोणी सांगायला नको होतं. म्हणून अक्षरं तांब्यात काढली. बोर्डावर मधोमध एक रिकामी पट्टी होती, तिच्यात ती मावली. रंगारी पाटी रंगवताना एकच सलग रेघ ओढतो ना, तशी सगळ्या शब्दांवरून एकच शिरोरेषा ओढली. हिरव्यावर तांब्याचं सोनेरी अक्षर. खरंच सुंदर दिसत होतं. मी तसं म्हटलंही, आणि ते लाजले.

पुढची दीड-दोन वर्षं त्यांची फार सुखाची गेली. अनोळखी लोकांचे फोटो यायचे. कोणी घाटकोपरच्या सोसायटीत लावलेला, कोणी कुठल्याशा गावी विहिरीवर, कोणी माशांच्या तळ्याला. कोणी बदल करून पाठवला की ते मला फोन करायचे आणि सांगायचे, "माझ्यापेक्षा बरं केलंय." जळफळाट अजिबात नाही. मला तो माणूस त्या दिवसांत थोडा असह्यच व्हायचा, इतका खूष असायचा. बहुतेक लोक मात्र घ्यायचे आणि काही कळवायचे नाहीत. त्याचंही त्यांना काही नव्हतं.

मग घाटकोपरहून एकाचा मेसेज आला. 'सर, बोर्ड झकास चालू आहे. फक्त टाकी धुणाऱ्याला परवा टाकीत झटका बसला. घाबरला पण ठीक आहे. काही सेटिंग आहे का?' सोबत फोटो.

सर तो फोटो घेऊन माझ्याकडे बोरिवलीला आले. फोनवर सांगता आलं असतं, तरी आले. खुर्चीत बसले, भिंग लावून फोटो बघत राहिले, मग भिंग माझ्याकडे दिलं. वाक्याच्या शिरोरेषेवर एक काळपट डाग पसरला होता, जळल्यासारखा.

ज्यांनी कधी असला बोर्ड पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. त्या बोर्डाच्या एका बाजूला भिंतीतली वीज येते, माणूस मारणारी. दुसऱ्या बाजूला टाकीत उतरणाऱ्या तारा असतात, त्यांत अगदी किरकोळ वीज, हात लावला तरी कळणार नाही अशी. या दोन बाजूंच्या मध्ये एक रिकामी पट्टी सोडावीच लागते. ती रिकामी दिसते, पण ती रिकामी राहणं हेच तिचं काम असतं. सरांनी आपलं वाक्य नेमकं तिथे लिहिलं होतं. सलग शिरोरेषेचं एक टोक विजेच्या बाजूला चिकटत आलेलं, दुसरं तारांच्या बाजूला. इंग्रजी अक्षरं असती तर सुटी सुटी पडली असती. आपली शिरोरेषा म्हणजे तांब्याचा साकवच, छोटासा पूलच झाला. कोरड्या खोलीत काही झालं नसतं. पण पंपाची खोली कधी कोरडी असते का? ओल, धूळ, झुरळं. त्या रेघेवरून वीज हळूहळू पलीकडे सरकली आणि थेट टाकीत उतरली.

"मी लिहिलं तिथे," ते म्हणाले. "जागा दिसली म्हणून लिहिलं."

चहा तसाच राहिला. दुरुस्त फाइल आम्ही त्याच दिवशी चढवली, वाक्य काढून. मोठ्या लाल अक्षरांत सूचना टाकली. ज्यांचे फोटो आले होते त्या सगळ्यांना कळवलं, त्यांनी बोर्ड बदलले, आभारही मानले. पण ज्यांनी नुसतं घेतलं आणि गेले, त्यांचं काय? एकदा बोर्ड लावल्यावर त्या पानावर परत कोण येतो? किती बनले, कुठे लागले, कोणाच्या टाकीत तारा सोडल्या आहेत, काही म्हणजे काही माहीत नव्हतं. नावं विचारायची नाहीत असं आम्हीच ठरवलं होतं.

त्यानंतर त्यांनी बोर्ड शोधायला सुरुवात केली.

शर्टाच्या खिशात कटर, खांद्याला झोळी, झोळीत नवे बोर्ड, करवतीचं पातं, भिंग. मुलुंडपासून सुरुवात. दिसेल त्या सोसायटीच्या गेटवर उभं राहायचं आणि वॉचमनला विचारायचं, "दादा, पंपाची खोली जरा दाखवता?" कोणी त्यांना पालिकेचा माणूस समजायचं, कोणी पंपाचा सेल्समन, बरेच जण चोर. पार्टच्या दुकानांत त्यांनी कागद चिकटवले, बोर्ड छापणाऱ्यांकडे जाऊन कोणाला छापून दिले ते सांगा म्हणून हात जोडले, इलेक्ट्रिशियन लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांत शिरले आणि तिथून हाकलले गेले. सुट्टीच्या दिवशी मी बरोबर जायचे. घरात भांडणं व्हायची, तरी जायचे. खरं सांगायचं तर कंटाळून जायचे. इतक्या जिन्यांखालच्या अंधाऱ्या, कुबट खोल्या मी बघितल्या की अजून कुठल्याही सोसायटीत शिरले की आधी तो ओला वास नाकात येतो.

आणि बोर्ड सापडायचे, हे आणखी वाईट. नुसतेच फिरलो असतो तर एखाद दिवशी थांबलो तरी असतो. भांडुपला सापडला, घाटकोपरला टेकडीवरच्या एका इमारतीत सापडला, गोवंडीच्या एका शाळेत दोन सापडले. बोर्ड चांगला असेल तर बदलावा लागायचा नाही. सर वीज काढायचे, खाली बसायचे आणि पात्याने ती तांब्याची अक्षरं खरवडून काढायचे. मग त्या जागी करवतीने आरपार खाच पाडायचे. 'हे ज्याने बनवलं त्याचं' यातलं एकेक अक्षर भुगा होऊन त्यांच्या मांडीवर पडायचं. पहिल्यांदा ते बघताना मला रडू आलं होतं. नंतर नंतर मी टॉर्च धरून जांभया द्यायला लागले.

"पुरे आता," वहिनी म्हणायच्या. "तुमका कोण विचारूक येतला? चांगल्यासाठी केलात, झाली चूक. जगात काय कमी चुका होतात?"

"जगातल्या मी नाय केल्या," सर म्हणायचे आणि चपला घालायचे.

बोर्ड छापणाऱ्या एकाने शेवटी सांगितलं की बोरिवली पश्चिमेच्या एका इलेक्ट्रिशियनने काही बोर्ड छापून नेले होते. तो इलेक्ट्रिशियन गावी गेलेला, फोन लागेना. पण त्याने काम केलेली एक सोसायटी आम्हाला मिळाली. मोठी, जुनी, नीटनेटकी. वॉचमनने खोली उघडली. बोर्ड तिथे होता, आणि शिरोरेषा काळी पडायला लागली होती. शेजारी भिंतीवर कमिटीची नोटीस होती, रविवारी टाकी साफ होणार, पाणी भरून ठेवावे.

सेक्रेटरींना बोलावलं. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मुद्देसूद. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे यात धोका आहे असं तुमचं म्हणणं."

"माणूस मरेल टाकीत," सर म्हणाले.

"आमचं तर दीड वर्ष व्यवस्थित चाललंय. आमच्या इलेक्ट्रिशियनने गॅरंटी दिलीय, दुसऱ्या कोणी हात लावला तर ती जाते. तो आला की त्याला दाखवू."

"तो येईपर्यंत रविवार जाईल ना. रविवारी माणूस आत उतरणार."

"तेवढा वेळ मेन स्विच बंद ठेवू."

"ठेवाल? लिफ्ट त्याच मेनवर आहे. पाच मिनिटांत वरून कोणी आजी ओरडतील, हा वॉचमन चालू करील. माणूस आत असेल."

सेक्रेटरींना थोडं लागलं. त्यांनी चष्मा लावला आणि बोर्डाजवळ वाकले. "तुम्ही कोण पण? कंपनीचे आहात का? यावर तुमचं नाव तर दिसत नाही." मग त्यांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं. "'हे ज्याने बनवलं त्याचं.' इथे स्पष्ट लिहिलंय साहेब. हा तुम्ही बनवलाय का? नाही ना? आमच्या माणसाने बनवलाय. मग तुमचा काय संबंध?"

सरांनी वाकून ते वाक्य पुन्हा वाचलं. ते वाक्य त्यांनी मनापासून लिहिलं होतं, त्यातला शब्द न् शब्द त्यांना मान्य होता. कायद्याने, नियमाने, त्यांच्या स्वतःच्या बोलण्याप्रमाणे तो बोर्ड त्या सोसायटीचा होता. मला वाटलं, आता हे मागे फिरतील. मनात म्हटलं, फिरा बाबा, घरी जाऊ या.

सेक्रेटरी पुढच्या मीटिंगचं काहीतरी सांगत होते. सरांनी बोर्डाचा फ्यूज ओढून खिशात टाकला, कटर काढला आणि टाकीकडे जाणाऱ्या तारा कापल्या. मुळापासून, पुन्हा जोडता येणार नाहीत अशा.

"कापल्या मी," ते म्हणाले. "मीच कापल्या. पोलीस बोलवा तर बोलवा."

मग जे व्हायचं ते झालं. माणसं जमली. वॉचमन रडकुंडीला आला. कोणी व्हिडिओ काढत होतं. एक बाई म्हणाल्या, "अहो पण वाट लागली ना आमची! उद्या पहाटे पाणी कोण चढवणार?"

"मी चढवीन," सर म्हणाले. "बोर्डाशिवाय, स्विच दाबून हातानेही पंप चालतो. रविवारपर्यंत मी येतो."

सगळ्यांना वाटलं, सुटकेसाठी बोलतोय. मलाही तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्याच्या वेळेआधी ते मुलुंडहून तिथे हजर होते. लिंक रोडची पहिली बस, पुढे मिळेल ती रिक्षा. पंप चालू करायचा, गच्चीवर चढून टाकीत डोकावायचं, उतरून बंद करायचा. जिन्याने. एवढ्या पहाटे लिफ्ट बंदच असायची. वयाची पासष्टी उलटलेली, गुडघे बोलायला लागलेले. मग माझ्याकडे येऊन चहा प्यायचे आणि खुर्चीतच झोपून जायचे. तोंड उघडं, शर्टाला गच्चीवरच्या चुन्याचे डाग. माझा नवरा त्यांच्याजवळून पाय न वाजवता ऑफिसला जायचा. एकदा मी म्हटलं, "सर, ही तुमची जबाबदारी नाही. नियमाने बघितलं तर खरंच नाही." डोळे न उघडता ते म्हणाले, "नियम माझाच आहे गो. माका म्हायती आसा."

त्यांचा राग यायचा, दया यायची, आणि त्यांच्याशिवाय असा माणूस मला आयुष्यात भेटला नसता हेही कळायचं. सगळं एकाच वेळी. त्यानेच जास्त दमायला व्हायचं.

रविवारी मी गेले. टाकी धुणारा माणूस आपला टेंपो, पंप, नळ्या, ब्लिचिंगची पिशवी घेऊन आला. चाळिशीचा, काटक, पान खाणारा. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो टाकीत उतरला. सर गच्चीवर टाकीच्या तोंडाशी बसले. तारा तर कापलेल्या होत्या, फ्यूज त्यांच्या खिशात होता, खाली मेनजवळ त्यांनी वॉचमनला उभं केलं होतं. कुठूनही वीज येण्याची शक्यता नव्हती, आणि हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तरी मिनिटामिनिटाला आत डोकं घालून विचारत होते, "बरा आहेस ना रे?"

आतून घुमणारा आवाज यायचा, "हो काका."

"बरा आहेस ना?"

"अहो हो!"

काम संपवून तो वर आला. गुडघ्यापर्यंत चिखल, अंगातून पाणी गळतंय. माझ्याकडे बघून म्हणाला, "हे काका कोण? आमच्या आईने एवढं विचारलं नाही कधी."

सर हसले नाहीत. त्या माणसाच्या ओल्या पायांकडे बघत होते. मग एकदम म्हणाले, "आता खयं चाललास?"

"आता? गोरेगाव. नंतर मालाडला एक आहे. उद्या कांदिवलीत दिवसभर."

"रोज असाच?"

"मग काय. सीझन आहे. या साइडच्या निम्म्या टाक्या आपल्याकडेच."

सरांनी झोळी खांद्याला लावली. आम्ही कितीतरी महिने गेटागेटावर भीक मागत फिरलो होतो, ही खोली दाखवा, ती खोली दाखवा. ज्याला झटका बसणार होता तो माणूस मात्र प्रत्येक इमारतीत रोज, न चुकता, स्वतःच्या पायाने उतरत होता. बोर्ड कुठे आहे ते शोधायची गरजच नव्हती. त्याच्या आधी पोहोचलं की झालं.

"थांब," सर म्हणाले. "मी येतो तुझ्याबरोबर. तू उतरायच्या आधी मला पंपाची खोली बघायची. दोन मिनिटं. मगच तू उतरायचं. रोज."

तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी काय सांगणार? सरांना म्हटलं, "आज नका. आज आठवडाभराचं जागरण आहे. उद्यापासून जा."

"आज गोरेगावला तो उतरणार ना?"

खाली सरांनी सेक्रेटरींच्या हातात फ्यूज ठेवला. नवी पेटी येईपर्यंत वॉचमनने हातानेच पंप चालवायचा असं ठरलं. सेक्रेटरींनी हात पुढे केला, सरांनी मिळवला. मग ते टेंपोत पुढच्या सीटवर, त्या भिजलेल्या माणसाला खेटून, झोळी मांडीवर घेऊन बसले. "तू जा गो घरी. दमलंस," ते मला म्हणाले.

टेंपो गेल्यावर मी वहिनींना फोन लावला. त्यांनी रविवारचे मासे केले होते, सर आज लवकर येतो म्हणून सांगून गेले होते.

"निघाले का?" वहिनींनी विचारलं.

"निघाले. पण घरी नाही. टाकी धुणाऱ्याबरोबर गोरेगावला गेले. आता रोज जाणार म्हणतात."

मला वाटलं, आता त्या चिडतील, रडतील, मला बोलतील की तू थांबवलं का नाहीस. मागे गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"त्या टेंपोवाल्याचा नंबर आसा काय तुझ्याकडे?"

"आहे. निघताना मागून घेतला. कशाला?"

"दे माका. जिन्याने चढताना यांना पुढे घालू नको म्हणून सांगते, दम लागतो त्यांना. आणि दुपारी दोन घास खाल्ल्याशिवाय दुसऱ्या टाकीवर नेऊ नको म्हणावं." मग म्हणाल्या, "थांबव म्हणून नाय सांगत. तो माणूस टाकीत उतरतलो आणि हे घरी बसून जेवतले, असं व्हायचं नाही."